चौऱ्याहत्तर अंशांवरची जागा

शिरूर किंवा दौंड येथील कुठल्याही घराच्या गच्चीवर उभे राहून बरोबर दक्षिणेकडे तोंड करावे आणि क्षितिजापासून माथ्यापर्यंतच्या अंतराचे चार भाग कल्पून नजर तीन भाग वर न्यावी. तिथे काहीही दिसत नाही. पण १९८३ च्या ऑक्टोबरपासून काही वर्षे साऱ्या देशाचा दूरदर्शन त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेवर टांगलेला होता. इन्सॅट-१बी हा उपग्रह तिथे, विषुववृत्ताच्या वर सुमारे छत्तीस हजार किलोमीटरवर, पूर्व रेखांश ७४ अंश या ठिकाणी कामाला लागला होता. हा रेखांश आपल्याच जिल्ह्यातून, नारायणगाव, वाघोली, लोणी काळभोर या गावांच्या आसपासून खाली उतरतो. शिरूर आणि दौंड त्याच्या किंचित पूर्वेला आहेत. म्हणजे घोडनदीकाठच्या आणि भीमेकाठच्या माणसांना हा उपग्रह जवळजवळ आपल्याच अंगणाच्या रेषेत होता.

तो तिथे पोचला त्या वेळी, ज्या माणसाने असा उपग्रह या देशाला हवाच म्हणून आयुष्याची शेवटची वर्षे खर्च केली, त्याला जाऊन जवळजवळ बारा वर्षे झाली होती. विक्रम साराभाई हे नाव आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेल्या यानाला त्यांचेच नाव होते. परंतु त्यांची ओळख अग्निबाणांचे जनक एवढीच करून देणे म्हणजे एखाद्या शेतकऱ्याची ओळख त्याच्या बैलगाडीवरून करून देण्यासारखे आहे. अग्निबाण हे वाहन होते. माल वेगळाच होता, आणि तो खेड्यात उतरवायचा होता.

विक्रम यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ चा, अहमदाबादचा. वडील अंबालाल साराभाई कॅलिको मिलचे मालक, आई सरलादेवी. आठ भावंडांच्या या घराने मुलांना शाळेत घालण्याऐवजी शाळाच घरी आणली. शाहीबागेतल्या त्या प्रशस्त आवारात मुलांसाठी खास शिक्षक होते, कार्यशाळा होती, आणि गांधीजी, रवींद्रनाथ यांच्यासारख्या माणसांची ये-जा होती. वैभवात वाढलेल्या मुलाला पैशाची चणचण कळत नाही, हे खरे. पण त्याला दुसरीही एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे एखादे काम आपल्या ऐपतीबाहेरचे आहे ही भावना. साराभाईंच्या आयुष्यात या दुसऱ्या अज्ञानाने फार मोठे काम केले.

केंब्रिजला सेंट जॉन्स कॉलेजात १९४० साली त्यांनी पदवी मिळवली. महायुद्ध पेटले होते. ते परतले आणि बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या देखरेखीखाली विश्वकिरणांचा अभ्यास करू लागले. होमी भाभाही त्याच सुमारास तिथे होते. विश्वकिरण डोळ्यांना दिसत नाहीत. उपकरणातल्या मोजणीच्या काट्यावरून त्यांचे येणे-जाणे ओळखायचे. न दिसणाऱ्या गोष्टीवर आकड्यांच्या आधारे विश्वास ठेवण्याची ही सवय त्यांना तिथे लागली. १९४२ साली नर्तकी मृणालिनी स्वामिनाथन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. युद्ध संपल्यावर ते पुन्हा केंब्रिजला गेले आणि उष्ण कटिबंधातील विश्वकिरणांवरच्या प्रबंधाला १९४७ साली डॉक्टरेट मिळवून परत आले.

परत आल्यावर पहिल्या काही महिन्यांत त्यांनी जे केले ते आजही थक्क करते. देश स्वतंत्र होऊन तीन महिने होतात न होतात तोच, ११ नोव्हेंबर १९४७ रोजी, अहमदाबादेत एका विज्ञान महाविद्यालयातल्या खोल्यांतून भौतिकी संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. तिचे पहिले संचालक के. आर. रामनाथन हे पुण्याच्या वेधशाळेत अनेक वर्षे काढलेले हवामानशास्त्रज्ञ होते. त्याच साली कापड गिरण्यांसाठी अटिरा ही संशोधन संस्था उभी राहिली. वस्त्रविद्येचे शिक्षण नसलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या माणसाने तिची धुरा उचलली. १९४९ साली पत्नीसह दर्पण ही नृत्यसंस्था आणि १९६१ साली अहमदाबादची व्यवस्थापन संस्था उभी करण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. घरचा औषधांचा कारखाना ते चालवीत होते, तो वेगळाच.

माझा उमेदीचा काळ बँकेत गेला. संस्था काढणारी माणसे टेबलाच्या पलीकडे मी पुष्कळ पाहिली. त्यांतल्या बहुतेकांना इमारत आधी हवी असते आणि माणसे नंतर. साराभाईंचा हिशेब उलटा होता. माणूस सापडला की त्याच्याभोवती संस्था उभी राहू द्यायची, त्याला मोकळे सोडायचे आणि आपण पुढच्या कामाला लागायचे. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस त्यांच्याकडे असेच आले आणि पुढे थुंब्याच्या जागेच्या शोधापासून उपग्रहाच्या प्रयोगापर्यंत त्यांच्या कामाचे खांब झाले. विलायतेत स्थिरावलेल्या वसंत गोवारीकरांना त्यांनी थुंब्याला आणले. त्या वेळी तिथे दाखवण्यासारखे काही नव्हते. होता तो एका माणसाचा भरवसा.

१९६२ साली अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती नेमली गेली आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळच्या थुंबा या मच्छीमार गावातून पहिला अग्निबाण उडाला. तो अमेरिकन बनावटीचा होता. त्याने उंच हवेत सोडलेल्या सोडियमच्या वाफेचा नारिंगी ढग संध्याकाळच्या आकाशात लोकांनी डोळ्यांनी पाहिला. जिथे धान्यासाठी परदेशी जहाजांची वाट पाहावी लागत होती तिथे आकाशात बाण सोडण्याची चैन कशाला, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो रास्त होता. साराभाईंनी तो टाळला नाही. चंद्रावर माणसे धाडण्याच्या शर्यतीत आपल्याला उतरायचे नाही, पण माणसाच्या रोजच्या अडचणींना प्रगत विज्ञान लावण्यात आपण कुणाच्या मागे राहून चालणार नाही, असे त्यांचे उत्तर होते. या उत्तराचे तारण म्हणून त्यांनी पुढे केली ती दूरदर्शनची योजना.

ही योजना समजून घेताना त्या वेळची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. दूरदर्शन म्हणजे दिल्लीतले एक छोटे केंद्र. रूढ मार्गाने जायचे तर आधी मुंबई, मग कलकत्ता, मग मद्रास, मग जिल्ह्याची गावे, आणि सर्वांत शेवटी, कधी जमलेच तर, खेडी. जमिनीवरच्या मनोऱ्याची लहर पन्नास-साठ किलोमीटरच्या पलीकडे मंदावते आणि डोंगर आडवा आला तर तिथेच थांबते. साराभाईंनी ही रांगच उलटी करायचे ठरवले. आकाशातल्या उपग्रहाला मुंबई आणि एखादे आदिवासी पाडे सारखेच जवळ. जो सर्वांत दूर आहे, ज्याच्यापर्यंत रस्ता, मास्तर, डॉक्टर यांपैकी काहीच धड पोचलेले नाही, त्याला सर्वांत नवे साधन सर्वांत आधी द्यायचे. देशातल्या साडेपाच लाखांहून अधिक खेड्यांचा हा विचार होता. त्यात उपकाराची भाषा नव्हती. जिथे गरज जास्त तिथे साधनाची किंमत लवकर वसूल होते, हा त्यातला व्यवहार होता.

भाभांचे २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्समधल्या विमान अपघातात निधन झाले आणि अणुऊर्जा आयोगाचे ओझेही साराभाईंच्या खांद्यावर आले. तरीही दूरदर्शनची योजना त्यांनी हातची सोडली नाही. २६ जानेवारी १९६७ पासून दिल्लीच्या परिसरातल्या ऐंशी खेड्यांत सामुदायिक संच ठेवून कृषिदर्शन सुरू झाले. त्याच साली अहमदाबादेत उपग्रहाशी बोलणारे प्रायोगिक भूकेंद्र उभे राहिले. १९६९ च्या ऑगस्टात इस्रोची स्थापना झाली आणि सप्टेंबरात अमेरिकेच्या नासाशी करार झाला. आपल्याजवळ उपग्रह नव्हता. त्यांचा एक वर्षभर वापरायला मिळणार होता. संच, भूकेंद्रे आणि कार्यक्रम आपले असणार होते.

याच काळात शिरूरच्या वायव्येला, जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळच्या आर्वी गावी, सुमारे तीस मीटर व्यासाची एक पांढरी थाळी उभी राहत होती. परदेशी दूरध्वनी आणि संदेश हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅट उपग्रहामार्फत पाठवण्यासाठीचे हे देशातले पहिले मोठे भूकेंद्र. डोंगरांच्या कुशीतली, शहराच्या विद्युत गोंगाटापासून दूरची जागा म्हणून हा भाग निवडला गेला. पुढे याच शांततेसाठी शेजारच्या खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आली. आर्वीचे केंद्र १९७१ साली सुरू झाले. पुढे त्याला विक्रम हे नाव देण्यात आले, कारण ज्यांच्या नावाने ते ओळखले जायचे होते ते तोवर हयात नव्हते. ३० डिसेंबर १९७१ च्या सकाळी केरळात कोवळमच्या मुक्कामी साराभाई झोपेतच गेलेले आढळले. वय बावन्न. आदल्या दिवसापर्यंत थुंब्याच्या कामात होते. दोन-तीन माणसांना पुरेल एवढे काम एका देहाने अनेक वर्षे ओढले होते.

मालक गेल्यावर दुकान बंद पडते, असा आपल्याकडचा सर्वसाधारण अनुभव. इथे तसे झाले नाही, याचे श्रेय त्यांनी जमवलेल्या माणसांना आणि नंतर आलेल्या सतीश धवन यांना. ३० मे १९७४ रोजी एटीएस-६ हा अमेरिकी उपग्रह उडाला. वर्षभर तो पश्चिम रेखांश ९४ अंशांवरून अमेरिकेच्या कामी आला. आता तो पूर्व रेखांश ३५ अंशांवर, आफ्रिकेच्या पूर्व भागावर, आणायचा होता.

उपग्रह जागेवर आणणे हे वाहन गाडीतळावर लावण्यासारखे काम नव्हे. विषुववृत्तावर छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या वस्तूला एका फेरीला पृथ्वीच्या एका गिरकीएवढाच वेळ लागतो. म्हणून ती आपल्याला स्थिर भासते. तिला पूर्वेकडे सरकवायचे तर पुढे ढकलून भागत नाही. उलट किंचित खाली आणावे लागते. खालच्या कक्षेत ती थोडी जलद फिरते आणि दिवसागणिक काही अंश पूर्वेला सरकते. ठरलेली जागा आली की पुन्हा वर उचलायचे. हे सारे करताना उपग्रह डोळ्यांना दिसत नाही. जमिनीवरून एक खूण पाठवायची, उपग्रहाने ती परत धाडायची, आणि मधल्या वेळावरून अंतर काढायचे. एवढ्या लांबवर जाऊन येण्यास लहरीला सेकंदाचा जेमतेम चौथा हिस्सा लागतो. थाळी कोणत्या दिशेला आणि किती उंच वळवल्यावर आवाज सर्वांत स्पष्ट येतो, हेही टिपायचे. दिवसेंदिवसाच्या अशा नोंदींतून कक्षा कळते. रोजकीर्द नीट लिहिली तर ताळेबंद जमतो, त्यातलाच प्रकार.

१९७५ च्या उन्हाळ्यात हा उपग्रह पूर्वेकडे निघाला तेव्हा तो अहमदाबादच्या क्षितिजाखाली होता. सूर्य-चंद्र पूर्वेला उगवतात. हा पश्चिमेला उगवला आणि हळूहळू वर सरकत नैऋत्येच्या आकाशात, क्षितिजापासून सुमारे चाळीस अंशांवर स्थिर झाला. १ ऑगस्ट १९७५ पासून आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत, बारीक जाळीच्या तीन मीटर व्यासाच्या थाळ्यांखाली पडदे उजळले. सकाळी दीड तास शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी. सुमारे पन्नास हजार शिक्षकांना या माध्यमातून विज्ञानाचे धडे मिळाले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता.

आता दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. पहिली अशी की हा प्रयोग सुरू झाला तेव्हा देशात आणीबाणी येऊन पाच-सहा आठवडे झाले होते. एका उपग्रहावरून हजारो गावांना एकाच वेळी ऐकू येणारा आवाज सरकारचा होता. ज्या साधनातून दूरच्या माणसाला ज्ञान मिळावे अशी कल्पना होती, त्याच साधनातून त्याला हुकूमही मिळू शकतात, हे पहिल्याच वर्षी स्पष्ट झाले. दुसरी गोष्ट उसनवारीची. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे बिनव्याजी पण मुदतीचे कर्ज होते. ३१ जुलै १९७६ ला मुदत संपली आणि एटीएस-६ माघारी निघाला. ज्या गावांनी वर्षभर रोज संध्याकाळी पडदा पाहिला, त्यांतल्या बहुतेकांचा पडदा काळा झाला.

साराभाईंची कल्पना सर्वांत जास्त जपली गेली ती गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात. तिथे पीज गावच्या लहानशा मनोऱ्यावरून त्या जिल्ह्याच्या बोलीत, तिथल्याच माणसांना घेऊन, मजुरीपासून जातीपर्यंतच्या प्रश्नांवर कार्यक्रम होत. १९८४ साली युनेस्कोने त्याचा गौरव केला. १९८५ साली तो मनोरा अहमदाबादेला हलवण्यात आला. गावकऱ्यांनी विरोध केला, पण शहराची रांग पुन्हा पुढे सरकली होती.

आपला स्वतःचा उपग्रहही सुखासुखी जागेवर आला नाही. १० एप्रिल १९८२ ला उडालेल्या इन्सॅट-१ए ने ७४ अंशांची जागा घेतली, पण अडचणींमागून अडचणी येत त्याचे इंधन संपले आणि सप्टेंबरात त्याला सोडून द्यावे लागले. ३० ऑगस्ट १९८३ रोजी चॅलेंजर यानातून इन्सॅट-१बी गेला. त्याचा सौर पंख उघडेना. कर्नाटकातल्या हासनच्या नियंत्रण केंद्रात आणि अमेरिकेत माणसे दिवसरात्र बसून होती. सप्टेंबरच्या मध्यावर पंख उघडला आणि पुढच्या महिन्यात उपग्रह कामाला लागला.

त्या आधीपासून पुण्याच्या सिंहगडावरचा मनोरा मुंबईचे कार्यक्रम आपल्या भागात फेकत होता. त्याच्याकडे तोंड करून शिरूर-दौंडकडच्या घरांवर उंच काठ्यांना अँटेना बांधलेल्या असत. वारा आला की एक जण गच्चीवर आणि एक जण खिडकीत. ऐंशीच्या दशकात बँकेच्या नोकरीनिमित्त मी या दोन्ही तालुक्यांत वावरलो. कालव्याखालच्या दौंडकडच्या उसाच्या पट्ट्यात आणि शिरूरच्या कोरडवाहू गावांत एक फरक कर्जाच्या अर्जांवरून कळे. उसाच्या गावात टीव्हीसाठी कर्ज मागायला माणूस यायचा. कोरडवाहू गावातला माणूस विहीर आणि मोटार यांच्याच कर्जासाठी यायचा. म्हणजे पडदा पोचला तो ज्याच्या घरात आधीच काही होते त्याच्याकडे. आमची माती आमची माणसं पाहायला तो संच नसलेला शेतकरी दुसऱ्याच्या ओट्यावर बसत असे. सामुदायिक संचाची जागा खासगी संचाने घेतली आणि १९८७ च्या जानेवारीपासून रविवारची सकाळ रामायणाने घेतली. लोकांना करमणूक मिळाली, हे वाईट झाले असे कोण म्हणेल? पण साराभाईंची रांग मात्र पुन्हा सुलटी झाली होती. आधी ऐपत, मग गरज.

खगोलाची एक गंमत इथे सांगण्याजोगी आहे. पृथ्वीचे विषुववृत्त पूर्ण गोल नाही. त्यामुळे उपग्रहांच्या त्या वर्तुळात दोनच जागा अशा आहेत जिथे पूर्व-पश्चिम सरकण्याचा धोका फार कमी असतो. त्यांतली एक आहे ७५ अंश पूर्व, म्हणजे आपल्या इंदापूरच्या रेषेत. बंद पडलेले कित्येक उपग्रह त्या जागेच्या अल्याड-पल्याड झोके घेत राहतात. परंतु तिथेही चंद्र-सूर्याची ओढ उपग्रहाला दरवर्षी जवळजवळ एक अंश उत्तर-दक्षिण कलवतेच. जिवंत उपग्रहाला आपली जागा राखण्यासाठी पुन्हा पुन्हा थोडे इंधन जाळावे लागते. एकदा जागेवर आला म्हणजे काम झाले, असे कधीच नसते.

इन्सॅट-१बी नंतर त्याच ७४ अंशांवर कल्पना-१ आला, आणि २००४ च्या सप्टेंबरात केवळ शिक्षणासाठी बांधलेला एज्युसॅटही आला. तो पाहायला साराभाई हवे होते. आज शिरूर-दौंडच्या वाड्यावस्त्यांवर फ्री डिशच्या थाळ्या आग्नेयेकडे तोंड करून उभ्या आहेत, आणि कोरडवाहू गावातल्या पत्र्याच्या घरावरही त्या दिसतात. साधन सर्वांत दूरच्या माणसापर्यंत पोचावे, हा साराभाईंच्या इच्छेचा अर्धा भाग उशिरा का होईना, पुरा झाला. त्या साधनातून त्याच्या पिकाचे, पाण्याचे, मुलांच्या शाळेचे काही त्याच्या बोलीत यावे, हा दुसरा अर्धा भाग. तो पुरा करण्यासाठी नवा उपग्रह लागत नाही. पीजच्या त्या लहानशा मनोऱ्यालाही तो लागला नव्हता. संध्याकाळचे दोन तास त्या माणसासाठी राखून ठेवणारे कुणीतरी लागते, आणि तेही एकदाच नव्हे, दरवर्षी.